सह्या काढून घेऊ नका, सगळा गठ्ठाच द्या

आजोबांच्या कागदांवरून आमच्याकडे सध्या रोज बैठक बसते. आत्या म्हणते मोठ्या लोकांच्या सह्या असलेली पत्रं तेवढी काढून फ्रेम करू, काका म्हणतो स्कॅन करून फॅमिली ग्रुपवर टाका आणि बाकीचं रद्दीत, आणि मी म्हणतेय की सगळा पसारा आहे तसा एखाद्या अभिलेखागाराला, म्हणजे जुने कागद जपणाऱ्या संस्थेला, देऊन टाकू, अगदी सुतळीसकट.

सुतळीसकट म्हटलं की सगळे हसतात. पण ज्या माणसाने गठ्ठा बांधला त्याने काहीतरी विचार करून बांधलेला असतो ना? एका गठ्ठ्यात पत्रं आहेत आणि त्यातच एक वही, एका बाजूने हिशेब आणि उलटी केली की उत्तरांचे कच्चे मसुदे, खाडाखोड केलेले. आता आपल्याकडे नेहमी आलेलीच पत्रं असतात, गेलेली दुसऱ्याच्या घरी असतात, म्हणजे संभाषणाची अर्धी बाजू गायबच. इथे ती वहीत सापडते! पत्रं एकीकडे आणि वही दुसरीकडे गेली की संपलं. एका माणसाचे कागद एकत्र ठेवायचे, विषयवार फोडायचे नाहीत, हा नियम फ्रान्सच्या गृहमंत्रालयाने तिथल्या अभिलेखागारांना 1841 मध्येच घालून दिला आणि नंतर तो जगभर गेला, मी काही नवीन सांगत नाहीये.

पाकिटं तर पहिली फेकली जातात. पत्रावर नुसतं ‘सोमवार, रात्री’ लिहिलेलं असतं, साल कळतं ते पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्यावरून. आणि नुसती कापून घेतलेली सही विकायला बरी, पण ती कुणाला, कशासाठी केली होती ते कळायचा मार्गच उरत नाही. आत्याला फ्रेम हवीच असेल तर स्कॅनची प्रिंट लावा, मूळ कागद उजेडात टांगला की शाई उडत जाते.

हातात घेतल्यावर काय करायचं त्यापेक्षा काय करायचं नाही तेच जास्त आहे. लॅमिनेशन अजिबात नाही, ते परत नीट निघत नाही. सेलोटेप नाही, त्याचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. पीव्हीसीच्या फोल्डरमधून ॲसिड सुटतं, प्लास्टिक हवंच तर पॉलिस्टरचं. टाचण्या गंजून कागदाला चिकटतात, त्या ओढायच्या नाहीत, सावकाश सोडवायच्या. वर्तमानपत्राचं कात्रण बघा, पत्राच्या घडीत वर्षानुवर्षं राहिलं की पत्रावर बरोब्बर कात्रणाच्या मापाचा तपकिरी चौकोन उमटतो, कारण न्यूजप्रिंट स्वस्त लाकडी लगद्याचा आणि ॲसिडिक. मध्ये ॲसिड-फ्री कागद घालायचा, पण कात्रण हलवायचं नाही, कुठल्या पत्रात होतं तीसुद्धा माहितीच आहे. जुनी लोखंडाच्या क्षारांची शाई असेल तर अक्षरांच्या जागीच कागद फाटतो, ते काम घरी करू नका बाबांनो. नंबर घालायचे तर मागे, मऊ पेन्सिलने.

स्कॅन जरूर करा, पाठीमागची बाजूही, पण स्कॅन आहे म्हणून कागद रद्दीत हे काकाचं लॉजिक मला पटत नाही, हार्ड डिस्क कागदाइतकी टिकत नाही.

देताना लेखी करार करतात, तो नीट वाचायचा. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, पण मजकुराचा कॉपीराइट साधारणपणे लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा. म्हणजे आपण कागद देऊ शकतो, दुसऱ्यांनी लिहिलेलं छापायची परवानगी आपण देऊ शकत नाही. आणि घरातली भांडणं, आजारपणं, जिवंत माणसांची नावं असलेली पत्रं असतात, त्यांच्या भीतीने लोक सगळंच जाळून टाकतात. तर तेवढा भाग ठरावीक वर्षं बंद ठेवायची अट बहुतेक ठिकाणी करारात घालता येते, काडी ओढायच्या आधी एकदा विचारून तरी बघा.