फ्रिजातली केळी

आज ट्युलिपच्या कळ्या चिमटून पाहिल्या. पात हिरवीगार, आत कळी वाळून कागद. ४० कंदांपैकी ३१ तसेच!

कंद १४ आठवडे फ्रिजात ५ अंशांत ठेवले. मग ट्रेत, मुळं तेवढी पाण्यात, कंद कोरडा. सगळं नीट. फक्त मध्ये कोणीतरी (मीच) त्याच फ्रिजात पिकलेली केळी ठेवली. पिकत्या फळातून इथिलीन वायू सुटतो, आणि कंदातली कळी आतच मरते. हे मला आज कळतंय.

आजी ट्रेकडे बघत म्हणाली, "थंडी व्हयी तर ह्येका हयसर कित्याक हाडलंस?"

वेंगुर्ल्याच्या जानेवारीत, घाम पुसत, काय उत्तर देणार?

उरलेली नऊ फुलं सावंतवाडीत गेली. भाव विचारू नका.

पुढच्या वर्षी दुसरा फ्रिज घेऊ, की गुमान अबोली लावू?