पेले, मॅराडोना, मेस्सी आणि चौथी सीट

टर्फवरचा तास संपतो, पुढची टीम गेटवर येऊन उभी राहते, आणि मोजे उतरवता उतरवता कुणीतरी म्हणतं, "काही म्हणा, मेस्सीच!" फुटबॉलमधला सर्वकालीन सर्वोत्तम खेळाडू कोण, हा वाद मुंबईत सहसा इथूनच पेटतो. अंधेरी असो की माहीम, पुढची चाल ठरलेली. एक जण रोनाल्डोचे गोल मोजतो, दुसरा पेलेचे. ज्याने १९८६ साली रात्री साडेअकराला दूरदर्शनसमोर बसून मॅराडोनाचा इंग्लंड-अर्जेंटिना सामना पाहिला, तो काका मात्र नुसता हसतो.

वाद जरूर घालावा. माझी तक्रार आहे ती गोल मोजण्याबद्दल. क्रिकेटमध्ये ते खपतं. ब्रॅडमनची ९९.९४ची सरासरी काढली की शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरसुद्धा आवाज खाली येतो. फुटबॉलमध्ये सगळ्यांना लागू पडेल असा आकडाच नाही, कारण गोल करणं हे मुख्यतः पुढे खेळणाऱ्यांचं काम. गोलच मोजायचे तर सोव्हिएत गोलकीपर लेव याशिन पहिल्याच फेरीत बाद. १९६३चा बॅलन डिऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, त्याला मिळाला आणि त्याच्यानंतर एकाही गोलकीपरला मिळालेला नाही.

त्यात पेलेचा आकडा वादग्रस्त. १२८३ गोल म्हणतात, पण त्यात मैत्रीपूर्ण सामन्यांतलेही धरलेले आहेत. ते वजा केले की लगेच दुसरा टोमणा येतो: "युरोपात कधी खेळला नाही!" यावर १९६२चा आंतरखंडीय चषक काढावा, युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्या क्लबांमधला. पेलेच्या सांतोस क्लबने युरोपविजेत्या, पोर्तुगालच्या बेनफिकाला घरी ३-२ हरवलं, मग लिस्बनला जाऊन ५-२. तिथे पेलेने हॅटट्रिक केली. युरोपातल्या सर्वोत्तम संघाविरुद्ध, त्यांच्याच मैदानावर.

बॅलन डिऑरचाही हिशोब असाच फसवा. मेस्सीचे ८, रोनाल्डोचे ५, पेले-मॅराडोनांचे शून्य. पण १९९५पूर्वी हा पुरस्कार फक्त युरोपीय खेळाडूंसाठी होता. हा पुरस्कार देणाऱ्या 'फ्रान्स फुटबॉल' मासिकाने २०१६ मध्ये जुन्या वर्षांचा फेरविचार केला, तेव्हा पेलेच्या वाट्याला ७ आले असते असं निघालं आणि मॅराडोनाच्या वाट्याला २. म्हणून १९९५च्या अलीकडचे आणि पलीकडचे खेळाडू या फूटपट्टीने मोजूच नयेत.

आता नियम. इथे जरा थांबायला हवं, कारण बहुतेक वाद इथेच घसरतात. पिवळं-लाल कार्ड आणि बदली खेळाडू विश्वचषकात आले ते १९७० साली. त्याआधी जायबंदी झालात तर लंगडत खेळा, नाहीतर बाहेर बसा, संघ दहाचा. १९६६ला पोर्तुगालने पेलेला अक्षरशः लाथाडलं, आणि तो लंगडत मैदानावर राहिला. कार्ड आल्यानंतरही फार फरक पडला असं नाही. १९८२ला इटलीचा बचावपटू जेंटिले याने मॅराडोनावर एका सामन्यात २३ फाउल केले आणि तरी तो शेवटच्या शिट्टीपर्यंत मैदानावरच होता. आज असा बचावपटू पहिल्या अर्ध्या तासात बाहेर जाईल. पण नाण्याची दुसरी बाजूही बघा: मेस्सीची प्रत्येक हालचाल प्रतिस्पर्ध्यांनी व्हिडिओवर शंभरदा पाहिलेली असायची, आणि शेवटच्या मिनिटाला धावणारा बचावपटूही ताजातवाना असायचा. जागाच कमी.

क्लिपवरून मत बनवू नये. दहा मिनिटांच्या क्लिपमध्ये कुणीही देव दिसतो, कारण हुकलेले पास कापलेले असतात. पूर्ण सामना लावा आणि चेंडू पायात नसताना तो माणूस काय करतो ते बघा. १९७०ची अंतिम लढत घ्या. ८६व्या मिनिटाला पेलेकडे चेंडू येतो, तो जवळजवळ थांबतो, आणि उजवीकडे मोकळ्या जागेत चेंडू अलगद सरकवतो. तिथे ब्राझीलचा कर्णधार कार्लोस आल्बेर्तो धावत येऊन पोहोचतो आणि गोल मारतो. त्या एका पासात सगळं आलं, आणि गोलांच्या यादीत तो कुठेच नाही.

विश्वचषक किती जिंकले हेही जपून मोजावं. पेलेचे तीन, पण १९६२ला दुसऱ्याच सामन्यात तो जखमी झाला. तो चषक त्याचा ब्राझीलचा साथीदार गारिंचाचा. रेआल माद्रिदचा डी स्टेफानो तर विश्वचषकात एकही सामना खेळला नाही. दुसरीकडे १९८६: अर्जेंटिनाचे एकूण १४ गोल, त्यातले ५ मॅराडोनाचे आणि ५ त्याच्या पासवर. एका महिन्यासाठी खेळाडू निवडायचा असेल तर मी दुसरं नाव घेणार नाही. पंधरा वर्षांसाठी निवडायचा असेल तर मेस्सी: पहिला बॅलन डिऑर २००९, आठवा २०२३, मधे २०१२ या एका वर्षात ९१ गोल आणि २०२२चा विश्वचषक. आणि सतराव्या वर्षी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दोन गोल करणारा पेले? तो दोन्ही याद्यांत थोडा-थोडा बसतो, म्हणून कुठल्याच यादीत पहिला येत नाही. त्याच्या चाहत्यांना हे पटत नाही, आणि त्यांचं फारसं चुकत नाही.

म्हणजे तिघांची सीट भरली. राहिली लोकलमधली चौथी, जिच्यावर अर्धं शरीर बाहेर ठेवून बसावं लागतं. तिथे नेदरलँड्सचा क्रायफही आहे, पुश्काशही (हंगेरीसाठी ८५ सामन्यांत ८४ गोल!), आणि रोनाल्डोवाले तर दारातूनच ओरडतात: चॅम्पियन्स लीगमध्ये १४० गोल! खरं आहे. पण २०२२पर्यंतच्या पाच विश्वचषकांत बाद फेरीत त्याचा एकही गोल नाही. मी जरा सरकून डी स्टेफानोला बसवीन. १९५६ ते १९६० सलग पाच युरोपियन चषक (आजच्या चॅम्पियन्स लीगचं जुनं नाव), पाचही अंतिम सामन्यांत गोल, आणि गरज पडली की मागे येऊन बचावही. रोनाल्डोवाल्यांनी दादरपर्यंत उभं राहावं. तिथे बरीच गर्दी उतरते.