तुळशीची जात पानातून ओळखताना : आमची वाटचाल

आमचा धंदा सुगंधी तेलाचा. सातारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांकडून ओला पाला घ्यायचा, वाफेच्या भट्टीत भरायचा आणि निघालेलं तेल साबणवाल्यांना, अगरबत्तीवाल्यांना द्यायचं, एवढ्यावर सुरुवात झाली. पुढे आयुर्वेदिक औषधं बनवणारे सुकी पानं आणि पूड मागू लागले, तेव्हा कामाचं स्वरूपच बदललं. शेतात उभ्या झाडाकडे बघून सांगता येतं की हा सब्जा, ही कृष्ण तुळस, ही पुरुषभर वाढणारी रानतुळस. पूड झाल्यावर ना फूल उरतं, ना पानाचा आकार. 'तुळस' म्हणून आलेल्या पोत्यात नेमकं काय आहे, हे मग पानातल्या रसायनांनाच विचारावं लागतं.

आम्ही टीएलसीपासून, म्हणजे पातळ थराच्या पट्टीवर अर्कातले घटक वेगळे करण्याच्या पद्धतीपासून सुरुवात केली. सिलिकाच्या पट्टीवर अर्काचा थेंब ठेवायचा, पट्टी टोल्युइन आणि इथाइल ॲसिटेटच्या मिश्रणात उभी करायची, नंतर व्हॅनिलिन-सल्फ्युरिक ॲसिड फवारून तापवायची. वेगवेगळ्या घटकांचे रंगीत डाग वेगवेगळ्या उंचीवर उमटतात. स्वस्त आणि भरवशाची पद्धत आहे, लहान उद्योगाने तिच्यापासूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. बारकावे लागले तर नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत जीसी-एमएससाठी जातो; ते यंत्र तेलातला एकेक घटक वेगळा करून ओळखतं.

या कामात एक गोष्ट पक्की कळली : एकाच घटकावरून जात ठरवू नये. कृष्ण तुळशीच्या तेलात बहुतेक वेळा युजेनॉल भरपूर, म्हणून तिला लवंगेचा वास. पण रानतुळशीच्या काही झाडांतही युजेनॉलच मुख्य, तर काहींत थायमॉल, म्हणजे ओव्याचा वास. दोन वेगळ्या जाती आणि घटक तोच. उलट सब्जा ही एकच जात, तरी कुठे लिनालूल हा घटक जास्त, कुठे मिथाइल चाविकॉल, कुठे मिथाइल सिनामेट. लंडनच्या क्यू या वनस्पती उद्यानातल्या संशोधक रेने ग्रेअर आणि सहकाऱ्यांनी 1996 साली सब्जाचे 16 नमुने तपासले. झाडाच्या रूपावरून केलेले गट आणि तेलावरून केलेले गट फारसे जुळले नाहीत.

यामागचं कारण पानातच आहे. युजेनॉल आणि मिथाइल चाविकॉल फेनिलॲलनिन या अमिनो आम्लापासून बनतात. लिनालूल, कापूर, सिट्रल हे टर्पीन गटातले, त्यांचा बनण्याचा मार्ग निराळा. हे घटक बनवणारं एखादं विकर (एन्झाइम) कमीजास्त झालं की त्याच जातीच्या दोन झाडांचा वास वेगळा होतो. म्हणून आम्ही सगळे घटक आणि त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण पाहतो. आफ्रिकेतून आलेल्या कापूर तुळशीत बहुधा कापूरच भरून असतो, त्यामुळे ती बरीच सोपी जाते.

तेलाची आणखी एक अडचण : ते उडून जातं. जुन्या पुडीत त्याचं प्रमाणच बदललेलं असतं. तिथे पानाच्या पृष्ठभागावरचे फ्लेव्होन नावाचे पदार्थ उपयोगी पडतात, कारण ते उडत नाहीत. सब्जाच्या पानांवर साल्व्हिजेनिन आणि नेव्हाडेन्सिन हे मुख्य. तेल झाडाचा रासायनिक प्रकार सांगतं, फ्लेव्होन नात्यातल्या जाती वेगळ्या करायला मदत करतात. दोन्ही जोडून पाहिलं की निकालावर विश्वास बसतो.

आता शेतकऱ्यांशी आमचा शब्द स्पष्ट असतो. कापणी कळ्या-फुलांच्या वेळी करायची, पाला सावलीत वाळवायचा, कारण झाडाचं वय आणि वाळवण बदलली की तेलातल्या घटकांचं प्रमाणही बदलतं आणि तुलना निरर्थक ठरते. प्रत्येक शेतातल्या फुलासह एका फांदीचा दाबून वाळवलेला नमुना आम्ही जपून ठेवतो, त्याच्या शेजारी टीएलसीचा फोटो लावतो. रोपवाटिकेसाठी बी निवडतानाही आधी त्याच मातृझाडाचं पान तपासतो. गिऱ्हाईकाला मालासोबत जातीचं नाव, मुख्य घटक आणि कापणीचा काळ लिहून देतो. यात वेळ जातो, भावही थोडा चढतो, पण औषधात जाणाऱ्या पानाच्या बाबतीत याहून कमी करणं मला पटत नाही.