रेडिओची साक्ष धरायची की नाही

परभणीत आमच्या गल्लीच्या गणपती मंडळाचं दरवर्षीचं एक ठरलेलं असायचं, १७ सप्टेंबरला सकाळी झेंडावंदन, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन ना तो, मग कुणाकुणाच्या घरून डब्यातून आलेला मुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा, आणि त्यानंतर शाळेच्या ग्राउंडवर मॅच. गणपती कधी बसलेले असायचे, कधी विसर्जन होऊन गेलेलं असायचं, कधी यायचेच असायचे, पण मॅच १७ लाच. सप्टेंबर म्हणजे पावसाचा भरवसा नाही आणि आमची काळी माती, एक सर आली की बॉलर रनअप घेताना एक चप्पल मागं ठेवून यायचा.

अंपायर कायम एकच, जज्जसाहेब. रिटायर्ड डिस्ट्रिक्ट जज्ज. बायका त्यांना जज्जकाका म्हणायच्या, आम्ही पोरं जज्जसाहेब, आणि त्यांच्या वयाचे एकदोन म्हातारे नुसतं "काय बापू". पांढरा पायजमा, कोर्टातल्या दिवसांतला एक जुना पांढरा शर्ट, टोपी आणि खिशात सहा चिंचोके. बॉल पडला की एक चिंचोका या खिशातून त्या खिशात. नो बॉल पडला की चिंचोका हलत नसे, आणि तो हलला का नाही यावरच निम्मी भांडणं.

त्यांचा एक निकाल गल्लीत अजून सांगतात. आमच्या टीमच्या बॉलरनं बॅट्समनच्या बॅटची कड काढली, कीपरनं पकडला, आवाज पार पानटपरीपर्यंत गेला, सगळे नाचायला लागले, बॅट्समन तसाच उभा. आणि साहेबही तसेच उभे. आम्ही नाचून दमलो, बॉलर परत मार्कवर गेला, पळत आला, पुढचा बॉल टाकला आणि मग कुणीतरी विचारलं की आऊट दिला ना हो? साहेब म्हणाले, "अपील कुठंय? मागितल्याशिवाय कोर्ट काही देत नसतं. नाचणं म्हणजे अपील नव्हे. आता तर पुढचा बॉल पडला, मुदत गेली." आम्ही चिडलो, पण घरी जाऊन बघितलं तर नियम खरंच तसाच, अपील झाल्याशिवाय अंपायरनं आऊट द्यायचंच नसतं आणि ते बॉलर पुढच्या बॉलला पळायला लागायच्या आत करावं लागतं. त्या दिवसापासून आमच्या गल्लीतली पोरं बॉल पॅडला लागो, पोटाला लागो की कुत्र्याला, आधी ओरडून घेतात.

पण खरी मजा मॅचनंतर. मंडळाचं जेवण असायचं, पोळ्या, वांग्याची भाजी, बुंदी, आणि जेवण तयार होईपर्यंत साहेबांचं भाषण. भाषण म्हणजे काय, दोन मिनिटं रझाकारांच्या दिवसांवर आणि उरलेलं सगळं क्रिकेटवर. १९४८ साली ते शाळेत होते, निजामाचं राज्य, शाळा उर्दूतून, गावात राहणं अवघड झालं तेव्हा वडलांनी पोरांना मावशीकडं बार्शीला पाठवलं, बार्शी सोलापूर जिल्ह्यात म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेर. तिथं त्यांनी पहिल्यांदा लेदरचा बॉल हातात घेतला. म्हणून ते म्हणायचे, "मी क्रिकेट फॉरेनला शिकलो." आम्ही दरवर्षी हसायचो. मग आवाज खाली करून म्हणायचे की सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, १७ ला निजाम शरण आला आणि आम्ही घरी परत आलो, घराचं दार कुणीतरी काढून नेलं होतं. एवढंच, त्यापुढं त्या विषयावर एक शब्द नाही. आम्हीही विचारलं नाही, विचारायला हवं होतं असं आता वाटतं खरं, पण तेव्हा डोळे बुंदीकडं.

साहेबांची सवय अशी की कुठलीही गोष्ट सांगायच्या आधी तिचा प्रकार सांगायचे. "हे मी डोळ्यानं बघितलंय" किंवा "हे ऐकीव आहे, त्या हिशोबानं घ्या." निंबाळकरांचे ४४३ ऐकीव. १९४८ च्याच डिसेंबरात पुण्याला महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद, ब्रॅडमनचा ४५२ चा रेकॉर्ड नऊ रनांवर, आणि समोरच्या कॅप्टननं, राजकोटचे ठाकूरसाहेब ते, मॅचच सोडून दिली. साहेब हे सांगताना अजून तापायचे. "पक्षकार निघून गेला तर एकतर्फी निकाल द्यावा, पण त्या माणसाचे रन कुणी द्यायचे?" पेपरात वाचलेलं सगळं, पण जणू यांचीच विकेट गेलेली.

डोळ्यानं बघितलेलं म्हणजे पॉली उम्रीगरांचे २२३. नोव्हेंबर १९५५, हैदराबादच्या फतेह मैदानावरची पहिली टेस्ट, समोर न्यूझीलंड, आपला कॅप्टन हैदराबादचाच गुलाम अहमद. मराठवाडा तेव्हा अजून हैदराबाद राज्यातच, साहेब तिकडं लॉ करायला गेलेले, परभणीहून छोट्या लाईनच्या गाडीनं काचीगुड्याला. पैसे एकाच दिवसाच्या तिकिटाचे होते. भारताकडून टेस्टमधली ती पहिली डबल सेंच्युरी, आणि उम्रीगरांचा जन्म सोलापूरचा, त्यामुळं बार्शीवाल्यांचा पण थोडा हक्क. दरवर्षी गोष्ट इथवर आली की साहेब थांबायचे आणि प्रामाणिकपणे सांगायचे, "पण दोनशेवा रन मी बघितला नाही. समोरच्या माणसानं ऐन वेळी छत्री उघडली. टाळ्या ऐकल्या."

इथं आमच्या गल्लीतले वकीलसाहेब उठायचे. आयुष्यभर जज्जसाहेबांसमोर हात जोडून उभं राहावं लागलं असणार, त्यामुळं वर्षातनं एक दिवस उलटतपासणीचा. "म्हणजे साहेब, हे पण ऐकीवच झालं की."

आणि मग मुख्य केस, लंडनच्या ओव्हल ग्राउंडवरची १९७१ ची टेस्ट. २४ ऑगस्ट, आणि योगायोग बघा, त्याच दिवशी गणेश चतुर्थी. साहेब तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात सिव्हिल जज्ज, गणपतीसाठी रजा घेऊन घरी आलेले. आदल्या दिवशी चंद्रशेखरनं ३८ रनात ६ विकेट काढून इंग्लंडला १०१ वर गुंडाळलेलं, आपल्याला १७३ पाहिजे होते, त्यातले ९७ शेवटच्या दिवशी. मंडळाच्या मांडवात मूर्तीच्या बाजूला मर्फीचा रेडिओ, खर्रर्र खर्रर्र, इंग्रजी कॉमेंट्री, समजणारे दोघंतिघंच. आपला कॅप्टन वाडेकर सकाळीच रनआऊट. आरतीची वेळ झाली, म्हातारी मंडळी ओरडायला लागली, साहेबांचे वडील हातात ताट घेऊन उभे, आणि हे चिरंजीव कोर्टात ऑर्डर द्यावी तसे म्हणाले, "आरती तहकूब." वडलांनी सगळ्यांसमोर अशी काही खरडपट्टी काढली म्हणे, तरी आरती थांबलीच. शेवटी आबिद अलीनं चौका मारला, तो पण हैदराबादचा, आणि इंग्लंडात आपण पहिल्यांदा टेस्टही जिंकलो अन् सिरीजही. मग जी आरती झाली ती म्हणे स्टेशनपर्यंत ऐकू गेली. (हे ऐकीव, साहेबांच्या धाकट्या भावाकडून.)

वकीलसाहेबांचा मुद्दा असा की चौका तुम्ही बघितला का? नाही. म्हणजे कॉमेंटेटरनं बघितला, तुम्हाला सांगितला, तुम्ही आम्हाला सांगायलाव, ऐकीव साक्ष, बाद. साहेब पुरावा कायदा काढायचे. कलम ६०, जी गोष्ट ऐकण्यासारखी आहे ती ज्यानं स्वतः ऐकली त्यानं सांगावी. "लोकांचा आरडाओरडा मी स्वतः ऐकला, त्यापुरता मी थेट साक्षीदार." वकील म्हणायचे आरडाओरडा कबूल, चौका नाही. ८३ च्या वर्ल्ड कपचं कुणी काढलं तर दोघंही त्याला गप्प बसवायचे, ते टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं, त्यात वाद कसला. पोळ्या गार व्हायच्या. आचारी येऊन बघून जायचा. आम्ही पोरं काही वर्षं वकिलांच्या बाजूनं आणि मग मोठं होता होता कधी साहेबांच्या बाजूला गेलो ते कळलं नाही, स्वतःकडं रेडिओ नसलेल्यांना ते समजणं अवघडच आहे म्हणा.

साहेब जाऊन आता काही वर्षं झाली, मॅच अजून होते, चिंचोके आता वकीलसाहेबांच्या खिशात असतात.

ओव्हलच्या गोष्टीला एक शेपूट होतं, हत्तीचं. त्या दिवशी आपल्या लोकांनी लंडनजवळच्या चेसिंग्टनच्या झूमधून बेला नावाची हत्तीण आणून ग्राउंडवर फिरवली होती, गणेश चतुर्थी म्हणून. साहेबांनी हे नंतर कुठंतरी वाचलेलं, त्यामुळं ते कायम ऐकीवच्या खात्यात, आणि ते सांगताना स्वतःच नाक मुरडायचे, काहीतरीच वाटतं बुवा. त्यांच्या शेवटच्या काही वर्षांतली गोष्ट, मी मोबाईलवर त्या हत्तिणीचा फोटो शोधून काढला आणि भर मांडवात त्यांच्यासमोर धरला. म्हटलं साहेब, आता दस्तऐवज आलाय. त्यांनी खिशातून भिंग काढलं, चष्म्यावर भिंग, बराच वेळ बघितलं.

"हत्ती आहे हे मान्य. ओव्हल आहे कशावरून?"

म्हटलं खाली लिहिलंय की.

"लिहिणारा कोण? फोटो काढणारा कोण? त्याला समन्स काढा."

वकीलसाहेब पत्रावळ हातात घेऊन उभे होते, ते म्हणाले, "मी साहेबांशी सहमत आहे." आख्ख्या गल्लीनं हे पहिल्यांदाच ऐकलं. साहेबांनी भिंग खिशात घातलं आणि उठले, "निकाल राखून. चला, बुंदी संपायलीय."