पगार परदेशातून, पण नोकरी इथलीच

परदेशातल्या छोट्या कंपनीला पुण्यातला एखादा चांगला डेव्हलपर हवा असतो, पण भारतात कंपनी उघडायची नसते. त्यात गैर काही नाही. इथे प्रायव्हेट लिमिटेड काढायची तर दोन भागधारक लागतात, दोन संचालक लागतात, आणि त्यातला एक तरी वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला हवा. धंदा एक रुपयाचा होवो न होवो, दरवर्षीचं ऑडिट आणि आरओसीचे, म्हणजे कंपनी निबंधकांकडे भरायचे फॉर्म सुटत नाहीत. दोन-तीन माणसांसाठी एवढा पसारा कोण मांडेल?

म्हणून ते आमच्यासारख्यांकडे येतात. कोथरूडमध्ये आमचं पेरोलचं ऑफिस आहे आणि आता त्यातलं बरंचसं काम ईओआरचं, म्हणजे 'एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड'चं असतं. माणूस ते निवडतात, काम ते सांगतात. नेमणूकपत्र, पगार, पीएफ, टीडीएस सगळं आमच्या नावावर. आम्ही त्यांना दरमहा पगार, मालकाचा पीएफचा वाटा आणि आमची फी असं बिल लावतो.

याहून स्वस्त वाट म्हणजे माणसाला 'कन्सल्टंट' करायचं आणि त्याच्याकडून डॉलरमध्ये इनव्हॉइस घ्यायचं. जो खरोखर चार क्लायंट सांभाळतो त्याला हे उत्तम. पण रोज ठरलेल्या वेळी मीटिंग, रजा विचारून, लॅपटॉप कंपनीचा, वर दुसरं काम घ्यायला बंदी, अशा माणसाला कन्सल्टंट म्हणणं मला पटत नाही. मी हे क्लायंटला तोंडावर सांगते.

साताऱ्याची एक मुलगी एका डच कंपनीसाठी असंच घरून काम करायची. पैसे वेळेवर, माणसं सभ्य. फ्लॅटच्या कर्जासाठी बँकेत गेली, तर तिथे फॉर्म १६ आणि सॅलरी स्लिप मागितल्या. तिच्याकडे होती इनव्हॉइसची फाईल. "ताई, एवढे पैसे दर महिन्याला खात्यात येतात, तरी यांच्या लेखी मला नोकरीच नाही," ती म्हणाली. पीएफ नव्हता. ॲडव्हान्स टॅक्स जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेला तिनेच भरायचा. वर्षाची बिलं २० लाखांपुढे गेली म्हणून जीएसटी नोंदणी, आणि निर्यातीवर कर लागू नये म्हणून एलयूटी हे हमीपत्र, तेही तिनेच करायचं. आणि तिला चौथा महिना होता.

तिच्या कंपनीच्या मालकाशी मी व्हिडिओ कॉलवर बोलले. नेदरलँड्समध्ये बाळंतपणाची १६ आठवड्यांची रजा असते आणि तिचे पैसे यूडब्ल्यूव्ही ही सरकारी संस्था देते. आपल्याकडे पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, आणि ईएसआय या सरकारी विमा योजनेत नसलेल्या बाईचा तो सगळा पगार नोकरी देणाऱ्यानेच द्यायचा. "म्हणजे मी?" त्याने विचारलं. "कागदावर आम्ही, पैसे तुमचे," मी सांगितलं. त्याने हिशेब मागितला, मी त्याच संध्याकाळी पाठवला, आणि त्याने ईओआरच्या करारावर सही केली. हक्काच्या रजेसाठी बाळंतपणाआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवसांची नोकरी लागते. चौथा महिना असल्यामुळे ते दिवस आरामात भरले. त्या माणसाबद्दल मला आजही आदर आहे.

अर्थात ईओआर लावलं की सगळं मिटलं असं नाही. क्लायंटला मी दोन गोष्टी आवर्जून सांगते. पहिली कोडच्या मालकीची. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे नोकरीत केलेल्या कामाची मालकी, वेगळं काही ठरलं नसेल तर, नोकरी देणाऱ्याची. इथे कागदावर नोकरी देणारे आम्ही! म्हणून कर्मचाऱ्याकडून आमच्याकडे आणि आमच्याकडून क्लायंटकडे अशी दोन हस्तांतरं लेखी लागतात. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. नेटवरून उचललेल्या करारात हे हमखास राहून जातं. दुसरी गोष्ट सेल्सच्या माणसाची. तो इथे बसून कंपनीच्या वतीने नेहमी करार पक्के करत असेल, तर पगार कुणीही काढो, त्या कंपनीचा इथला नफा भारतात करपात्र ठरू शकतो. ईओआर त्याला ढाल होत नाही.

बाकी रोजचं काम तारखांचं. टीडीएस ७ तारखेला, पीएफ १५ ला, त्यामुळे क्लायंटचे पैसे आधी आलेच पाहिजेत. फेब्रुवारीत प्रोफेशनल टॅक्स २०० ऐवजी ३०० का, हेही दरवर्षी कुणीतरी परदेशातून विचारतंच. (वर्षाचे २,५०० पुरे करायला.)

कर्मचाऱ्यांना मात्र मला ग्रॅच्युइटीबद्दल, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणाऱ्या रकमेबद्दल सांगायचंय, कारण तिथे माणसं नकळत नुकसान सोसतात. क्लायंटचा जम बसतो, तो बंगळुरू नाहीतर पुण्यात स्वतःची कंपनी काढतो आणि सगळ्यांना मेल येतो: ईओआरकडे राजीनामा द्या, नव्या कंपनीत रुजू व्हा. टीम तीच, काम तेच. पण कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात, आणि नव्या नेमणूकपत्रात जुन्या सेवेचा उल्लेख नसेल तर तुमची चार वर्षं गेल्यात जमा. मुदतीच्या करारावर असाल तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांप्रमाणे एक वर्षाच्या सेवेवरही ग्रॅच्युइटी मिळते. म्हणून तुमचं पत्र नेमकं कोणतं आहे ते आधी बघा. ईओआर बदलतानाही हेच लागू.

राजीनामा पाठवण्याआधी नव्या पत्रात एवढं लिहून घ्या: आधीच्या नेमणुकीची अमुक तारखेपासूनची सेवा ग्रॅच्युइटी आणि रजेसाठी सलग धरली जाईल. शिल्लक रजेचे पैसे मिळणार की रजा पुढे जाणार, तेही त्यातच येऊ द्या. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर, म्हणजे तुमच्या कायमच्या पीएफ नंबरवर ट्रान्सफर करा. एचआरला लिहिताना जुन्या ईओआरलाही सीसीमध्ये ठेवा. सेवेच्या तारखा आमच्याकडेच असतात आणि त्या आम्ही लेखी देतो.