बरोक व्हायोलिन कॉन्चेर्टो: मी ध्वनिमुद्रणं कशी निवडली

बरोक म्हणजे युरोपातला साधारण १६०० ते १७५० हा काळ, आणि कॉन्चेर्टो म्हणजे एक-दोन वाद्यांना पुढे ठेवून वृंदाच्या साथीने वाजवायची, बहुधा द्रुत-संथ-द्रुत अशा तीन भागांची रचना. त्या काळातल्या इटालियन विवाल्डीने एका व्हायोलिनसाठी दोनशेहून जास्त कॉन्चेर्टो लिहिले. त्यातल्या चारांची, म्हणजे १७२५ साली अ‍ॅमस्टरडॅमला छापल्या गेलेल्या 'फोर सीझन्स'ची, ध्वनिमुद्रणं मोजता येणार नाहीत इतकी आहेत. ख्याल ऐकत वाढलेल्या माझ्यासारख्याने यातून काय निवडायचं? मी ठरवलं, आधी मधला संथ भाग लावायचा. द्रुत भागात बहुतेक सगळेच कसलेले वादक छाप पाडतात. संथ भागात कागदावर स्वर मोजके असतात. ते कसे खुलवायचे हे त्या काळात वादकावरच सोडलेलं असे. तिथे माणूस कळतो.

'फोर सीझन्स'मधल्या 'हिवाळ्या'चा लार्गो, म्हणजे संथ भाग, घ्या. घरात शेकोटी आणि बाहेर पाऊस, असं त्याचं चित्र आहे. साथीची व्हायोलिन्स तारा छेडून थेंब पाडतात आणि वर मुख्य व्हायोलिन गातं. ई म्युझिची हा वृंद आणि व्हायोलिनवादक फेलिक्स आयो यांच्या १९५९च्या ध्वनिमुद्रणात सूर भरदार, श्वास लांब. मग इल जार्दिनो आर्मोनिको हा वृंद आणि व्हायोलिनवादक एन्रिको ओनोफ्री ऐकले, आणि तोच पाऊस टोकदार झाला. मला दोन्ही हवेत, पण पुन्हा पुन्हा लावतो ते दुसरं.

फरक नुसत्या लयीचा नाही. या दुसऱ्या वृंदासारखे, बरोक काळाच्या पद्धतीने वाजवणारे वादक व्हायोलिनला धातूऐवजी आतड्याची तार, म्हणजे आपल्या सारंगीची तात, लावतात. तिचा किंचित खरखरीत, माणसाच्या गळ्याजवळ जाणारा आवाज सारंगी ऐकलेल्या कानाला ओळखीचा वाटतो. पट्टीही बदलते. आजचा 'ए' हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांचा, आपली पांढरी सहा. बरोक मंडळी बऱ्याचदा तो ४१५ला लावतात, म्हणजे जवळजवळ काळी चार. व्हेनिसची पट्टी मात्र चढी असे, म्हणून काही इटालियन वृंद विवाल्डी ४४०च्या आसपासच वाजवतात. ध्वनिमुद्रणासोबतच्या पुस्तिकेत हे बहुधा दिलेलं असतं. साथीला किती जण, हार्प्सिकॉर्ड (पियानोआधीचं पट्ट्यांचं वाद्य) आहे की थिऑर्बो (लांब मानेचं तंतुवाद्य), तेही तिथेच कळतं. मी ती पुस्तिका आधी वाचतो.

बाखच्या डी मायनरमधल्या दोन व्हायोलिनांच्या कॉन्चेर्टोला सगळ्यात जास्त वेळ दिला. व्हायोलिनवादक मेन्युहिन आणि त्यांचे गुरू एनेस्कू यांचं १९३२चं पॅरिसमधलं ध्वनिमुद्रण जुनं, खरखर असलेलं. पण मधल्या भागात गुरुशिष्य एकमेकांच्या सुरावर जो हात ठेवतात, तो दुसरीकडे सापडला नाही. अँड्र्यू मान्झी आणि रेचल पॉजर यांचं वादन मोकळं, नाचरं. बाखने या भागावर 'लार्गो, पण फार नको' असं लिहून ठेवलंय, आणि ते या दोघांनी मनावर घेतलंय. पॉजर यांनी ब्रेकन बरोक या वृंदाबरोबर २०१०मध्ये बाखचे एका व्हायोलिनसाठीचे कॉन्चेर्टो वाजवले, तेव्हा साथीत प्रत्येक ओळीला एकच वादक ठेवला. खालच्या पट्टीतल्या व्हिओलाची ओळही स्वच्छ ऐकू येते. बाख नव्याने ऐकणाऱ्याला मी हेच सुचवेन.

आणि एक रचना हिंदुस्थानी श्रोत्याने शोधून ऐकावीच: विवाल्डीचा 'ग्रोसो मोगुल', म्हणजे थोर मोगल, विवाल्डीच्या रचनांच्या सूचीत क्रमांक आरव्ही २०८. नावापलीकडे त्यात मोगली काही नाही, पण मधल्या भागात ठेका जवळजवळ विरघळतो आणि व्हायोलिन बोलल्यासारखं वाजतं. आलापाची सवय असलेला कान तिथे लगेच रमतो. कडेच्या भागांतले लांबलचक कॅडेन्झा, म्हणजे साथ थांबवून एकट्याने वाजवायचे तुकडे, तेही लिहिलेले सापडले आहेत. बाखने हा कॉन्चेर्टो ऑर्गनसाठी उतरवून घेतला; तोही लागोपाठ ऐकावा.

सध्या बरोक काळातल्याच इटालियन लोकातेल्लीचा १७३३चा 'लार्ते देल व्हियोलिनो' हा संग्रह चालू आहे. बारा कॉन्चेर्टो, त्यांत चोवीस काप्रिची, म्हणजे व्हायोलिनने एकट्याने वाजवायचे अवघड तुकडे, आणि व्हायोलिनवादक एलिझाबेथ वॉलफिश यांनी ते सगळे वाजवलेत.