हा कागद ठेवू की टाकू?

हा फोन बहुतेक रविवारी दुपारी येतो. पलीकडे कोणीतरी फतकल मारून बसलेलं असतं, पंख्याखाली कागद फडफडत असतात. "मावशी, २०११ सालची वीजबिलं निघालीत. ठेवू की टाकू?" सोसायटीतल्या बायका विचारतात, नणंदा विचारतात, भाचीने तर लंडनहून विचारलं. तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते, म्हणजे हिला कागदातलं कळणार असा सगळ्यांचा समज. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी एक कबुली. शाळेचं जनरल रजिस्टर पन्नास वर्षं मागे जाऊन मिनिटात काढून देणाऱ्या या बाईच्या घरचं दप्तर म्हणजे ओट्याखालचा तिसरा ड्रॉवर होता. मेंटेनन्सची बिलं, मिक्सरचं गॅरंटी कार्ड, कोणाकोणाच्या लग्नपत्रिका, सेलोटेप. ड्रॉवर बंद होईनासा झाला की वरचा थर पिशवीत भरायचा आणि पिशवी माळ्यावर टाकायची.

माझे वडील, अण्णा, गेले तेव्हा माझे डोळे उघडले. साताऱ्याच्या घरात तीन लोखंडी ट्रंका होत्या आणि स्वयंपाकघराच्या दाराशी ती तार. पूर्वी घरोघर असायची तशीच: वर आकडा, खाली लाकडी चकती. आलेलं पत्र वाचलं की तारेत, बिल भरलं की तारेत. खालचे कागद पिवळे पडून एकमेकांना चिकटले होते आणि प्रत्येकाच्या पोटात गंजाचं तांबूस भोक. मृत्यूची बातमी देणारं कार्ड मात्र त्या तारेवर कधी चढलं नाही. कोपरा फाडलेलं कार्ड आलं की अण्णा ते उंबऱ्याबाहेरच वाचायचे, तिथेच फाडायचे आणि मग आंघोळीला जायचे. घरात येणाऱ्या कागदाचा दारातच निकाल लावण्याची त्या घरात तेवढी एकच रीत होती.

भावाने आणि मी चार दिवस उपसा केला. रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक निघालं, टेलिफोनची बावीस वर्षांची बिलं निघाली. कुठल्याशा कंपनीच्या शेअर्सची सर्टिफिकेटं काही मिळेनात. शेवटी सापडली ती त्याच कंपनीच्या जुन्या वार्षिक अहवालांच्या गठ्ठ्यात, दोन अहवालांच्या मधे. रद्दीवाल्याच्या काट्यावर चढता चढता वाचली म्हणायची. सात वर्षं लाभांश उचलला नव्हता, त्यामुळे शेअर्स नियमाप्रमाणे सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जमा झालेले. वारसा दाखवून ते सोडवून घ्यायला आम्हाला पावणेदोन वर्षं लागली. अण्णांनी एकही कागद टाकला नव्हता, आणि नेमका म्हणूनच हवा तो सापडत नव्हता.

तर तुमच्या प्रश्नाकडे येते. "हा कागद पुढे लागेल का?" असं मनाला विचारलंत की उत्तर कायम "लागेल" असंच येणार. ज्याने एकदा खिडकीवर "ओरिजिनल आणा" हे ऐकलं आहे, त्याला दुसरं उत्तर सुचतच नाही. ही भीती खोटी नाही. तीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसून मीच ते वाक्य म्हणत होते. म्हणून मी प्रश्न बदलला. आता विचारते, "हा हरवला तर परत मिळेल का? आणि मिळवायला किती चपला झिजतील?"

याला चटकन उत्तर देता येतं. वीजबिल? महावितरणच्या ॲपवर पडलेलं असतं. शिवाय 'गो-ग्रीन' घेतलं की छापील बिल येणं बंद होतं आणि बिलात थोडी सूटही मिळते. सातबारा? डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत महाभूमी या सरकारी वेबसाइटवर निघतो, तोही ताजा. २०११ चा सातबारा जपून ठेवणारे लोक पाहिले की मला गंमत वाटते, कारण तलाठ्यापासून बँकेपर्यंत सगळ्यांना हवा असतो तो चालू उताराच. पण शाळा सोडल्याचा दाखला हरवला तर प्रतिज्ञापत्र करा, अर्ज करा, आणि मग मिळतो त्याच्यावर 'द्वितीय प्रत' असा शेरा. बिल्डरशी झालेला पहिला करारनामा, त्यानंतरच्या प्रत्येक विक्रीचे करारनामे, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, एलआयसीचा मूळ बाँड, यातला एक जरी गेला तरी नोटिशी, हमीपत्रं, स्टॅम्पपेपर आणि उन्हातान्हात खेपा आल्याच.

सरकारी दप्तरात कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. अ कायमचा, ब तीस वर्षांचा, क दहा, आणि ड वर्षभराने नष्ट करायचा. नष्ट करायचाच, असा नियम आहे बरं का, सवलत नाही. ऑफिसात मार्चअखेर 'ड' चा गठ्ठा बांधताना मला फार बरं वाटायचं. तेच घरी आणलं, थोडं सैल करून. अ म्हणजे परत न मिळणारे किंवा मरमरून मिळणारे. त्यांना एकच फाइल, कपाटात, वरच्या कप्प्यात. ब म्हणजे घर आहे तोवरचे: दुरुस्तीची मोठी बिलं, मालमत्ता कराच्या पावत्या. घर विकताना सुधारणेचा खर्च दाखवायचा तर बिल हाताशी लागतं, म्हणून आमच्या बाथरूमच्या फरशीची पावती अजून आहे. क म्हणजे इन्कम टॅक्सचं, ते मी सात वर्षं ठेवते. उरलं सगळं ड. तुमच्या ढिगातही उरलं ते सगळं ड निघेल, आणि ढीग म्हणजे मुख्यतः तेच असतं.

लॅमिनेशनचं सांगायलाच हवं. आमच्या सासऱ्यांना फ्रिजच्या पावतीची फार काळजी. दहा वर्षांची कॉम्प्रेसरची वॉरंटी! ते पावती घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले आणि लॅमिनेट करून आले. हातात चकचकीत, कडक, काळाकुट्ट आयत. दुकानातल्या या गुळगुळीत पावत्या शाईने छापलेल्या नसतातच. कागदालाच रसायनाचा थर असतो, तो उष्णतेने काळा होतो, आणि तीच छपाई. मशिनमधून काढली की सगळीच काळी. नुसती ठेवली तर वर्षा-दोन वर्षांत पांढरी फटक. प्लास्टिकच्या पाकिटात घातली तर आणखी लवकर. म्हणून अशा पावतीचा त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढायचा. फार महत्त्वाची असेल तर साधा झेरॉक्स काढून तो ठेवायचा. आणि दाखले, सर्टिफिकेटं यांना तर लॅमिनेशन कधीच नको. चिकटलेलं प्लास्टिक निघताना शाईही घेऊन येतं.

डिजिलॉकरबद्दल हटकून विचारतात. त्यात खात्याकडून थेट आलेला कागद मूळ कागदाच्या तोडीचा असतो. आपण स्कॅन करून चढवलेला मात्र नुसता फोटोच. लोक दुसऱ्या प्रकारचे चढवतात आणि मूळ प्रत निर्धास्तपणे कुठेतरी टाकतात. तसं करू नका.

रद्दीत देताना पत्ता, खाते नंबर, आधारचा नंबर असेल तेवढा भाग फाडून काढते. आधारचा झेरॉक्स द्यायची वेळ आली तर त्याच्यावर आडवं लिहिते, "फक्त अमक्या कामासाठी", खाली तारीख. झेरॉक्सवाला पोरगा हसतो. हसू दे.

बाकी वर्षाचे बारा महिने ज्याने काम होतं ते म्हणजे अण्णांचा तो उंबरा. टपाल आता येतं किती? स्पीडपोस्ट, बँकेचं काहीतरी, सोसायटीची नोटीस, एखादी पत्रिका. ते हातात घेऊन मी खुर्चीत बसत नाही. चपलांच्या स्टँडवर कात्री आणि पेन आहे. उभ्या उभ्याच फोडते. पाकीट लगेच रद्दीत, जाहिरात रद्दीत, लग्नाची तारीख आणि हॉल कालनिर्णयच्या चौकोनात, पत्रिका रद्दीत. गणपतीचं चित्र असलेल्या पत्रिकेचं काय, असं विचारणार हे माहीत आहे. चित्र कापून ठेवते. हजारभर गणपती झालेत, त्यावर मला अजून उपाय मिळालेला नाही.

कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे: कोणती वस्तू कुठल्या फाइलमध्ये, कितव्या कप्प्यात. अण्णांच्या ट्रंकांवर तेवढा एक कागद असता तर आमचे चार दिवस वाचले असते. गेल्या महिन्यात त्याची परीक्षाच घेतली. मी बहिणीकडे होते आणि गॅस एजन्सीत कनेक्शनचं मूळ व्हाउचर मागितलं. मी नवऱ्याला फोनवर एवढंच म्हटलं, "कपाट उघडा, दारावर वाचा." दोन मिनिटांत व्हाउचर त्यांच्या हातात! काम झालं. संध्याकाळी घरी आले तर व्हाउचर फ्रिजवर होतं, दुधाच्या कूपनांखाली.